आधी सायकल, मग धावणे : एका विटेची गोष्ट

एप्रिलमधला सोमवार होता. ओपीडीत चाळिशीचे एक गृहस्थ भिंतीला हात लावत लावत आत आले. मांड्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, खुर्चीत बसताना चेहरा वेडावाकडा होत होता. त्यांची खरी काळजी मात्र वेगळीच होती. "डॉक्टर, लघवी काळ्या चहासारखी होतेय."

आदल्या दिवशी काय केलं, असं विचारल्यावर सगळा उलगडा झाला. ऑक्टोबरमध्ये गोव्याला होणाऱ्या अर्ध्या आयर्नमॅन स्पर्धेची तयारी त्यांनी जानेवारीपासून सुरू केली होती. इंटरनेटवर एक वेळापत्रक सापडलं होतं. त्यानुसार रविवारी पहाटे नगरहून निघून राहुरीच्या पुढपर्यंत सायकल आणि परत, असे ९० किलोमीटर झाले. घरी सायकल टेकवली, बूट बदलले आणि साडेदहाच्या उन्हात १८ किलोमीटर धावले. गुडघा कुरकुरू नये म्हणून निघतानाच वेदनाशामक गोळी घेतली होती. रक्त तपासलं तर सीपीके हजारांच्या घरात आणि क्रिएटिनिन वाढलेलं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतला मायोग्लोबिन हा रंगीत पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. चार दिवस सलाईन चाललं. मूत्रपिंडं वाचली, हे त्यांचं नशीब.

डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी विचारलं, "सायकलवरून उतरून लगेच धावायचं, हे मुळात काढलं कुणी?" प्रश्न वैतागून विचारला होता, पण त्याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून हा लेख.

या सरावाला ट्रायथलॉनवाले 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. नावामागे दोन-तीन गोष्टी सांगितल्या जातात. कुणी म्हणतं, न्यूझीलंडचा मॅट ब्रिक नावाचा धावणे-सायकलिंगचा खेळाडू असा सराव करायचा, त्याचं आडनाव चिकटलं. कुणी म्हणतं, सायकलवरून उतरल्यावर पाय विटेसारखे जड होतात म्हणून. डॉक्टर म्हणून मला दुसरी गोष्ट पटते. मराठीत तर वीट म्हटलं की पंढरपूरची वीटही आठवते आणि 'वीट येणं'ही. आमच्या गृहस्थांना दुसरा अर्थ चांगलाच कळला होता.

आता थोडं मागे जाऊ. १९५० पर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात खिळवून ठेवत. कूस बदलायलासुद्धा परवानगी नसे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हिन आणि लाऊन या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यावरही गदारोळ झाला. साधं खुर्चीत बसवणं हेच धाडस होतं! त्यानंतर दहाएक वर्षांतच न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या धावण्याच्या प्रशिक्षकाने ऑकलंडमध्ये सुटलेल्या पोटाच्या मध्यमवयीन माणसांना हळूहळू धावायला लावलं. त्यांत हृदयविकार झालेली माणसंही होती. लिडियार्डचा नियम सोपा होता. सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन हे बघायला तिथे गेले, स्वतः धावून दमले आणि घरी परतल्यावर एका हृदयरोगतज्ज्ञाच्या मदतीने १९६७ मध्ये जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. 'जॉगिंग' हा शब्द जगभर घरोघरी पोचला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

ही लाट हवाईला पोचली. होनोलुलूची मॅरेथॉन १९७३ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक जॅक स्कॅफ हे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी सामान्य माणसांसाठी आणि हृदयरुग्णांसाठी मॅरेथॉनच्या तयारीचं एक क्लिनिकच चालवलं. सूत्र तेच : हळू धावा, बोलत धावा, पाणी पीत राहा, महिनोन् महिने थोडं थोडं वाढवा. झटका येऊन गेलेली माणसं ४२ किलोमीटरचं अंतर पार करू लागली. (त्या काळात काही उत्साही डॉक्टर असंही म्हणू लागले होते की, मॅरेथॉन धावणाऱ्याला हृदयविकार होतच नाही. हे साफ चूक होतं. धावपटूंच्या हृदयवाहिन्यांतही अडथळे सापडतात हे १९७९ पर्यंत शवविच्छेदनाने सिद्ध झालं. जॉगिंगचा मोठा प्रचारक जिम फिक्स १९८४ मध्ये ५२ व्या वर्षी धावतानाच गेला.)

दरम्यान सॅन डिएगोमध्ये धावणाऱ्यांच्या एका क्लबने २५ सप्टेंबर १९७४ च्या संध्याकाळी एक गंमत केली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहन या दोघांनी मिशन बे इथे धावणे, सायकल आणि पोहणे अशी एकत्र शर्यत ठेवली. ४६ जण आले. गंमत अशी की, या शर्यतीत आजचा क्रम नव्हता. आधी धावणं आणि सायकल, पोहणं शेवटाकडे. मागे राहिलेल्यांना अंधार पडला, तेव्हा मोटारींचे दिवे पाण्याकडे वळवून त्यांना वाट दाखवावी लागली. क्रम पुढे बदलला, आणि त्याचं कारण सहज समजतं. थकलेला माणूस पाण्यात बुडू शकतो, रस्त्यावर तो फार तर बसेल. सुरक्षिततेसाठी पोहणं पहिल्यांदा आलं, सायकल मधे आणि धावणं शेवटी. आपली 'वीट' इथे घडली. सायकलनंतर लगेच धावणं हे कुणी शरीराच्या सोयीसाठी ठरवलेलं नाही.

त्या ४६ जणांत अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी जूडी होत्या. पुढे त्यांची बदली हवाईला झाली. तिथे एका बक्षीस समारंभात वाद रंगला. जास्त तंदुरुस्त कोण : पोहणारे, धावणारे की सायकलवाले? कॉलिन्सनी सुचवलं की बेटावरच्या तिन्ही मोठ्या शर्यती एकामागोमाग एक जोडायच्या. वायकिकीचं ३.८ किलोमीटर पोहणं, बेटाला घालायची सायकलफेरी थोडी कापून १८० किलोमीटर आणि वर होनोलुलू मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर. म्हणजे बघा, हृदयरुग्णांना बोलत बोलत, महिनोन् महिन्यांच्या तयारीने धावायला शिकवणाऱ्या डॉक्टरांची मॅरेथॉन उचलून एका पैजेच्या शेपटीला बांधली गेली. अंतर घेतलं, सूत्र तिथेच राहिलं.

१८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं. गॉर्डन हॅलरने ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आयर्नमॅन होण्याचा मान मिळवला. सायकल संपली तेव्हा पुढे होता जॉन डनबार. पण धावताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली. तो अर्ध्या तासाहून जास्त मागे, दुसरा आला. स्वतः कॉलिन्सना १७ तास लागले. या सगळ्यांपैकी कुणाकडेच सायकलनंतर धावण्याच्या सरावाचं शास्त्र नव्हतं. असणार कुठून?

चार वर्षांनी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, त्याची किंमत टीव्हीवर सगळ्यांना दिसली. ज्युली मॉस ही व्यायामशास्त्राची विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी या शर्यतीत उतरली होती. शेवटच्या टप्प्यात ती आघाडीवर होती. रेषा जवळ आली आणि पायांनी साथ सोडली. ती पडली, उठली, पुन्हा पडली. काही मीटर उरले असताना कॅथलीन मॅकार्टनी तिच्या शेजारून पुढे निघून गेली. मॉस रांगत रेषेपर्यंत पोचली. फरक फक्त २९ सेकंदांचा. जगाने तिची जिद्द बघितली आणि स्पर्धेत नाव घालणाऱ्यांची रांग लागली. मी ते चित्रीकरण दाखवतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र त्यात इंधन संपलेली आणि पाणी कमी पडलेली एक तरुण मुलगी दिसते.

हे इंधन म्हणजे ग्लायकोजेन, स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर. ती जेमतेम ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १६०० ते २००० कॅलरी असते. जोरात सायकल चालवणारा माणूस तासाला ५००-६०० कॅलरी सहज जाळतो. चरबीही सोबत जळते, त्यामुळे साठा थोडा पुरतो. पण तीन तासांनी सायकलवरून उतरताना तळ दिसायला लागलेला असतो, आणि धावणं अजून सुरूच व्हायचं असतं. हे गणित १९६७ मध्येच स्वीडनच्या संशोधकांनी मांडीच्या स्नायूचा तुकडा सुईने काढून दाखवलं होतं. आधीचे काही दिवस भात-बटाट्यासारखं पिष्टमय खाणारा माणूस, फक्त मांस आणि चरबी खाणाऱ्याच्या तुलनेत, त्याच वेगाने जवळपास तिप्पट वेळ सायकल चालवू शकला.

आता पाय जड का होतात ते. सायकलवर पाऊल जमिनीवर आदळत नाही. मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, कंबर वाकलेली असते, पायांची लय मिनिटाला ८०-९० फेऱ्यांची असते. उतरल्या क्षणी त्याच स्नायूंनी ताणलं जाऊन शरीराचं वजन झेलायचं असतं, पोटऱ्यांनी उसळी द्यायची असते. मेंदू अजून पॅडलच मारत असतो! शिवाय सायकलवर ताशी ३० किलोमीटरचा वारा अंग थंड ठेवतो. धावताना तो वारा एकदम थांबतो आणि अंगातली उष्णता चढू लागते. नाडीही वाढते. सुमारे १९९० नंतर फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजलं. सायकलनंतरच्या धावण्याला नुसत्या धावण्यापेक्षा जास्त प्राणवायू लागतो. हा फरक नवख्यांत ठळक असतो आणि मुरलेल्या खेळाडूंत फार थोडा. म्हणजे ही गोष्ट शिकता येते. आणि महत्त्वाचं म्हणजे, जोडसरावाचा खास फायदा दिसतो तो मुख्यतः सायकल ते धावणे या बदलाच्या पहिल्या काही मिनिटांत. एकूण दम वाढवायला सायकल आणि धावणं वेगवेगळ्या दिवशी केलं तरी चालतं.

आमच्या गृहस्थांच्या वेळापत्रकात नेमकी हीच गोष्ट उलटी होती. जी सवय पंधरा-वीस मिनिटांच्या धावण्याने लागते, तिच्यासाठी त्यांनी १८ किलोमीटर मोजले.

खेळाडूंनाही हे उमगायला वेळ लागला. मार्क ॲलन हवाईत सहा वेळा हरला होता. तो फिलिप मॅफेटोन या अमेरिकी सल्लागाराच्या सांगण्यावरून कित्येक महिने नाडी १५५ च्या वर जाऊ न देता सराव करायचा. सुरुवातीला इतकं हळू धावावं लागलं की लाज वाटायची, असं तो सांगतो. १९८९ मध्ये तो आणि डेव्ह स्कॉट जवळपास आठ तास खांद्याला खांदा लावून होते. शेवटी ॲलन ५८ सेकंदांनी जिंकला. मॅफेटोनचं '१८० वजा वय' हे नाडीचं सूत्र आज सगळीकडे फिरतं. मी ते ढोबळ अंदाज म्हणूनच घेतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना तर ते लागूच पडत नाही, कारण गोळीने नाडी मुळातच दाबलेली असते. त्यापेक्षा लिडियार्ड-स्कॅफ यांची बोलण्याची कसोटी बरी. एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग ठीक.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली, पण जोरात. पुण्याचे कौस्तुभ राडकर हे मूळचे जलतरणपटू. त्यांनी वीसहून जास्त आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केल्या आणि असंख्य नोकरदार मराठी माणसांना तयार केलं. २०१५ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या मिलिंद सोमणने झ्युरिकची स्पर्धा पूर्ण केली, आणि त्याच वर्षी नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी अमेरिका आरपार सायकलने ओलांडली. २० ऑक्टोबर २०१९ ला गोव्यात मिरामारला पहिली अर्ध्या अंतराची आयर्नमॅन झाली : १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. त्यानंतर पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि आपल्या नगरातूनही लोक तयारी करू लागले. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या माणसांना समुद्राची भीती वाटते, पण माझ्याकडे येतात ते मात्र जवळजवळ सगळे सायकल आणि धावणं जोडताना दुखावलेले.

मग नगरमध्ये हा सराव आखायचा कसा? ज्याला आधीच दीड-दोन तास सायकल आणि आठ-दहा किलोमीटर धावणं जमतं, त्याच्यासाठी मी सोळा आठवडे धरतो. पहिला महिना दीड तास सायकल आणि उतरून फक्त दहा मिनिटं धावणं. चांदबिबी महालाकडे जाऊन परतलं की चढासकट साधारण तेवढी सायकल होते. मग वाडिया पार्कच्या मैदानावर फेऱ्या मारायच्या. दुसऱ्या महिन्यात दोन तास आणि पंधरा-वीस मिनिटं. तिसऱ्यात अडीच ते तीन तास आणि अर्धा तास. स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एकदाच रंगीत तालीम : तीन तास सायकल, पाऊण ते एक तास धावणं. त्यानंतर उतरती. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्म्यावर आणायचं. हा आठवडा सोडायचा मोह सगळ्यांना होतो, आणि दुखापती बहुतेक त्याच मोहातून येतात. लांब धावणं वेगळ्या दिवशी, बुधवारी किंवा गुरुवारी. सर्वांत लांब सायकल आणि सर्वांत लांब धावणं एकाच दिवशी कधीच नाही.

किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असा सुटतो की जाताना ताशी ३२ आणि येताना १८. खांडके परिसरात पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. किलोमीटर पुरे करायच्या नादात माणूस वाऱ्याशी झुंजतो आणि पाय तिथेच संपवतो. गळिताच्या हंगामात तर पहाटे अंधारात निघूच नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नसते, आणि माझ्या मते रॅब्डोपेक्षा तो धोका मोठा आहे.

उन्हाचं वेगळं. नगरची हवा कोरडी असल्याने घाम अंगावर टिकत नाही, लगेच उडतो. त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. गोव्यात उलट, दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. जेवढं घटलं तेवढं साधारण पाणी कमी पडलं. दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट नको. पण वजन वाढलं असेल तर तेही वाईट. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, माणूस बरळतो, झटके येऊ शकतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस, बहुतेकांना पुरतं. सोबत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय खाणं : एक केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा गुळाची चिक्की. महागडी जेलची पाकिटं घेतलीत तर ती आधी सरावात पोटाला दाखवा, शर्यतीच्या दिवशी नको.

आणि वेदनाशामक गोळ्या! डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी कमी पडलेल्या, स्नायू फुटत असलेल्या शरीरात त्या काय करतात ते वर वाचलंच आहे. दुखत असेल तर त्या दिवशी धावू नका. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लांब सरावानंतर रात्री झोपेतही साखर घसरू शकते, म्हणून डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. चाळिशीच्या पुढे, रक्तदाब, घरात हृदयविकार किंवा तंबाखूची सवय असेल तर सुरुवातीलाच तपासणी करून घ्या. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा दुसऱ्या दिवशी गडद लघवी दिसली तर 'बघू उद्या' म्हणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्या गृहस्थांना मी दोन महिने धावू दिलं नाही. जुलैत क्रिएटिनिन, सीपीके सगळं ठीक आल्यावर दहा मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली. त्याच सुमारास निवृत्तीनाथांची पालखी नगरातून पुढे गेली होती. त्यांच्या घरातले थोरले तिच्यासोबत चालत जातात. त्यांनी यांना विचारलं म्हणे, "आम्ही रोज ठरलेल्या मुक्कामाला थांबतो, तू का थांबत नाहीस?" त्या वर्षीचं गोवा त्यांनी सोडून दिलं. आता पुढच्या वर्षीची तयारी चालू आहे. दर महिन्याला एक वही घेऊन येतात, तारखेसमोर वेळ, सकाळचं वजन आणि लघवीचा रंग लिहिलेला असतो. गेल्या खेपेला एका रविवारसमोर फक्त 'पाऊस, झोपलो' असं होतं.